टारकूला कुणाचं, सोन्याचं की रुळांचं?

भटक्या सातारकर
दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टापासून रुळांच्या वाटेने सुमारे ४०० किमीवर टारकूला नावाचं गाव आहे. आहे म्हणायचं, राहतं जवळजवळ कुणीच नाही. १८९३ मध्ये तिथे सोनं सापडलं. त्याच वर्षी टारकूला नावाच्या घोड्याने मेलबर्न कप जिंकला, आणि घोड्याचं नाव खाणीला चिकटलं. जो तो त्याला ‘रेल्वेचं गाव’ म्हणतो, ते मला पटत नाही. रूळ आले तेव्हा बारसं होऊन वीसेक वर्षं उलटली होती. जन्म दिला सोन्याने, मग कौतुक रेल्वेचं का?

जंक्शनवाला
असहमत. मी मनमाडच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, त्यामुळे पक्षपाती म्हणा हवं तर. ट्रान्स-ऑस्ट्रेलियन लाईन या सोन्यासाठी टाकलीच नव्हती. संघराज्यात यायला पश्चिम ऑस्ट्रेलिया का कू करत होता, त्याला पूर्वेशी जोडायचं होतं. १९१२ ला पोर्ट ऑगस्टाकडून काम सुरू झालं, १७ ऑक्टोबर १९१७ ला उल्डियाजवळ दोन्हीकडचे रूळ भेटले. टारकूला वाटेत लागलं, इतकंच. खाणीची वस्ती सोनं आटलं की पालं उठवते. हे गाव टिकलं ते इंजिनांमुळे, गाडीवरची माणसं तिथे बदलायची म्हणून, गँगमनच्या बिऱ्हाडांमुळे.

खळ्यावरची
रूळ यायच्या आधी लोक जगले कसे, ते कुणी सांगत नाहीये. तिकडच्या कोरड्या सोन्याच्या भागांत माती धुवायला पाणी नसायचं. मग दोन थाळ्या घ्यायच्या, एकीतली माती उंचावरून दुसरीत सोडायची. वाऱ्याने धूळ उडते, जड कण खाली पडतात. आमची आजी खळ्यावर सुपाने ज्वारी उफणायची, डिट्टो तेच! आणि अशा मुलखात सामान वाहिलं उंटांनी. ते बोटीने यायचे कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते.

भटक्या सातारकर
घ्या! रेल्वेवाचून अडलं नव्हतं.

जंक्शनवाला
अहो, रूळ टाकायच्या कामावरही तेच उंट होते. कुणाच्या पारड्यात घालणार?

अ‍ॅडलेडची सून
दोघेही मोकळ्या माळावर गाव वसल्यासारखं बोलताय. तो कोकाथा लोकांचा मुलूख. आणि ज्या उल्डियाचं नाव वर आलंय, तिथला झरा आदिवासींच्या कितीतरी पिढ्यांचा, दुरून माणसं जमायची जागा. रेल्वेने त्यावर पंप बसवले. १९२६ ला तो सोडून द्यावा लागला. उगमच शोधायचा तर पाण्यापासून सुरुवात करा.

जंक्शनवाला
ताई, हे मान्य. पाण्याचाच धागा पुढे नेतो. त्या लाईनीवरचं खारं पाणी वाफेच्या बॉयलरांना खायचं. १९५१ ला डिझेल आलं नि पाण्याची गरज सरली. मग १९८० ला अ‍ॅलिस स्प्रिंग्जची नवी लाईन टारकूलापासूनच फुटली, ८३१ किमी, कारण मारीवरून जाणारी जुनी लाईन पुरात वाहून जायची. २००४ ला गाडी डार्विनपर्यंत पोचली. नकाशावर जंक्शन मोठं होत गेलं आणि गावात चिटपाखरू उरलं नाही.

भटक्या सातारकर
म्हणजे रेल्वेनेच मारलं! तुमच्याच तोंडून आलं, बरं झालं. आणि २०१७ च्या सुमारास तिथे पुन्हा सोनं काढलं, तेव्हा दगड दूरच्या चॅलेंजर खाणीवर दळायला नेला तो ट्रकने. रूळ शेजारी पडून होते.

जंक्शनवाला
नेला ना ट्रकने. तेव्हा टारकूलात किती चुली पेटल्या, तेवढं सांगा.