आगमनकाळात फराळ आणि साफसफाई सोडून नक्की काय तयारी करता?

वसईची_लेक
हाय सगळ्यांना, जरा बावळट प्रश्न आहे पण विचारतेच. ३० नोव्हेंबरला आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, सुरू झाला, पहिला रविवार गेला पण, आणि माझ्या डोक्यात नुसती यादी चालू आहे, पडदे धुवायचे, नाताळचे कुलकुल-नेवऱ्या कधी करायच्या, चांदणीतला बल्ब उडालाय, मुलीचा फ्रॉक शिवायला टाकायचाय. दरवर्षी हेच. २४च्या रात्री चर्चमध्ये मिस्साला (उपासनेला) उभी राहते तेव्हा पाय सुजलेले असतात आणि प्रवचनात चक्क पेंगते. कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, ती पण शेवटच्या शनिवारी, रांग एवढी की फादरही घाईत आणि मीही घाईत. सकाळची लोकल, रात्री आठला घरी. तर मनाची तयारी म्हणतात ती तुम्ही लोक करता कधी? "प्रार्थना वाढव" एवढं सांगू नका प्लीज, ते मलापण माहितीये.

पेंढेवाला
आमच्या आजीची पद्धत सांगतो. पहिल्या रविवारी ती रिकामी गव्हाणी काढून ठेवायची, बाजूला भाताचा पेंढा. दिवसभरात कोणासाठी काही केलं, म्हणजे न सांगता पाणी भरलं, भावाला मारलं नाही वगैरे, की रात्री एक काडी टाकायची. बाळ येशूला मऊ अंथरूण कोण देणार, असं विचारायची. मी एकदा एकदम मूठभर कोंबला तर तिने एकेक काडी मोजून बाहेर काढली आणि म्हणाली, आता सांग ही कशाची. तीनच्या वर सांगता आलं नाही. आता मी मुलांबरोबर करतो, आणि खरं सांगू का, सगळ्यात कमी काड्या माझ्याच असतात.

नगरवाला
मी प्रोटेस्टंट, नगरचा. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे कॅरोल पार्टी, रात्री घरोघर गाणी, चहा, परत गाणी, घसा बसेपर्यंत, त्यामुळे शांत बसणं वगैरे आम्हाला पण जमत नाही. पण एक गोष्ट पाळकांनी सांगितली ती आवडली. ॲडव्हेंटची (आगमनकाळाची) मेणबत्त्यांची रीथ, म्हणजे गोल चक्र, आहे ना, ती १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न नावाच्या पाळकांनी सुरू केली, गरीब मुलांच्या आश्रमात. मुलं रोज विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी, मग त्यांनी गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर रोजची एक अशा २० छोट्या लाल आणि रविवारच्या ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. आम्ही घरी फक्त चार लावतो, स्टीलच्या ताटात. जेवताना ट्यूबलाइट बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, तेवढीच वीस मिनिटं. पहिल्या आठवड्यात एकाच मेणबत्तीच्या उजेडात माशाचे काटे दिसत नाहीत, त्यामुळे माणूस आपोआप हळू जेवतो 😄

जांभळा_रंग
ताई, प्रॉब्लेम वेळेचा कमी आणि आपण आधीच नाताळ करून टाकतो त्याचा जास्त आहे, असं माझं मत, राग मानू नका. १ तारखेपासून केक, पार्ट्या, ऑफिसात सांता, मग २५ला उरतं काय? चर्चमध्ये बघा, फादरांचा झगा जांभळा, रविवारचं ग्लोरिया हे स्तुतिगीत बंद, कारण ते देवदूतांनी त्या रात्री गायलेलं गाणं, ते राखून ठेवलेलं असतं. आम्ही घरी तेच केलं, गोड २४च्या रात्रीपर्यंत बंद. कुलकुल करायचे, डब्यात भरायचे, तोंडात टाकायचा नाही. फोर्कच्या पाठीवर दोन तास कुलकुल वळून एकही न खाणं, करून बघाच! आमच्या शेजारच्या केरळी सिरियन ख्रिस्ती काकू तर १ डिसेंबरपासून २५ दिवस मांस-मासे सोडतात, त्यापुढे आपलं काहीच नाही. आणि कन्फेशन आत्ताच उरकून घ्या, या आठवड्यात रांग नसते.

पेंढेवाला
आणि नाचणी पेरा. पसरट ताटलीत माती, वर नाचणी, नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यात हिरवं गवत म्हणून ठेवायला. ऑफिसला जाताना पाणी शिंपडायचं, एक मिनिट लागतं. १२ तारखेच्या आसपास पेरली तर नाताळला बरोबर बोटभर होते, आत्ता पेरलीत तर लोळेल.

वसईची_लेक
थँक्यू हो सगळ्यांना 🙏 गोड बंद मला झेपणार नाही, आधीच सांगते. पण काल रात्री लाइट बंद करून एक मेणबत्ती लावली, नवरा म्हणाला बिल भरलं नाहीस का, मग मुलीनेच त्याला समजावलं. कन्फेशनला शुक्रवारी जातेय. आता मुलगी तिसऱ्या रविवारसाठी (तो आनंदाचा रविवार ना) गुलाबी मेणबत्ती मागतेय, स्टेशनजवळ कुठेच मिळाली नाही. वाढदिवसाची बारीकवाली चालेल का?

नगरवाला
चालेल की, फक्त दोन मिनिटांत संपते. त्या दिवशी खिचडी करा.