मदत हवी आहे: १९७२ मधली सुरुंगाची जखम 'युद्धातली' म्हणून लावून घ्यायची आहे

झेरॉक्सवाली:

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, फौजेत इंजिनिअर्सच्या पलटणीत होते. सॅपर. १९६६ ला भरती, १९८३ ला नाईक म्हणून पेन्शनीत आले. आता सत्तरी कधीच ओलांडली. आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतो. माझं कोर्टाच्या अलीकडं झेरॉक्सचं दुकान आहे. गावाची कागदं माझ्या हातनं जातात, आणि घरातल्याच एका कागदापुढं मी अडकून बसलेय.

१९७१ ची लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली आणि पश्चिमेकडं १७ डिसेंबरच्या रात्री आठला थांबली. मामांची तुकडी पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला होती. लढाई थांबली तरी आपली फौज घेतलेल्या मुलखात वर्षभर बसून होती. सिमला करार झाला जुलै ७२ ला, मुलूख परत दिला त्या डिसेंबरात. तोवर सॅपर लोकांना एकच काम, सुरुंग काढायचे. त्यांचेही आणि आपलेही.

फेब्रुवारी ७२ मध्ये सरकंड्याच्या गवतातून वाट मोकळी करताना मामांच्या पुढं चार पावलांवर माण तालुक्यातला त्यांचा जोडीदार होता. त्याचा पाय सुरुंगावर पडला. त्याचा पाय गुडघ्याखालून गेला, मामांच्या डाव्या पोटरीत आणि मांडीत छर्रे घुसले, डावा कान कायमचा बंद झाला. पठाणकोटचं सैनिकी रुग्णालय, मग पुणे, मग परत पलटणीत हलक्या कामावर.

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डानं २० टक्के अपंगत्व लिहिलं, कारण लिहिलं 'सुरुंगाचा स्फोट, फील्ड एरिया', आणि पुढं 'सैनिकी सेवेमुळे'. बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतला जखमी, हा शब्द कुठंच नाही. पाच वर्षं थोडी जास्त पेन्शन मिळाली. १९८८ ला परत बोर्डापुढं बोलावलं, '२० टक्क्यांपेक्षा कमी' असा शेरा मारला आणि ती रक्कम बंद. मामा तेव्हा एका सूतगिरणीत रात्रपाळीचे वॉचमन होते. त्या रात्रीची पाळी चुकायला नको म्हणून सही केली आणि पुढची गाडी धरून आले. अपील करायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

मग आत्ताच का? दोन गोष्टी झाल्या. मागच्या पावसाळ्यात मामा बाथरूमपाशी घसरले. एक्सरे काढला तर हाड शाबूत, पण पोटरीत चार पांढरे ठिपके, मालदांडीच्या दाण्याएवढे. डॉक्टरनं विचारलं, आजोबा हे काय? मामा म्हणाले, "सरकारी माल आहे, राहू द्या."

दुसरी गोष्ट म्हणजे १६ डिसेंबरचा एक कार्यक्रम. युद्धात जखमी झालेल्या जवानांचा सत्कार होता. मामा इस्त्रीचा शर्ट, छातीवर पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल लावून गेले. यादीत नावच नव्हतं. माणूस मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवून घरी आला. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि डिस्चार्ज बुक माझ्यापुढं ठेवलं. "बघ गं, यात काय होतंय का."

मी रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवलं (कुठलं ते लिहीत नाही, उगाच वाद नको). दोन ओळींचं उत्तर आलं: जुनी वैद्यकीय कागदपत्रं मुदत संपल्यानं नष्ट केली आहेत, आणि जखम शस्त्रसंधीनंतरची असल्यानं युद्धातली धरता येत नाही. मी ते मामांना उजव्या बाजूला बसून वाचून दाखवलं, डावीकडनं त्यांना ऐकू येत नाही. ते म्हणाले, "लढाई थांबली म्हणून सुरुंगाला कुणी तार केली नव्हती."

तर हे लावून घ्यायची काही वाट आहे का? पैसे मिळाले तर नको कोण म्हणेल, पण त्यांना तो शब्द कागदावर पाहिजे आहे.

कडकभाकरी:

ताई, वाईट वाटलं वाचून. पण पन्नास वर्षं झाली की ओ. कोण बघतंय आता? एखाद्या आमदाराकडनं सत्कार करून घ्या, म्हातारा खूश होईल.

झेरॉक्सवाली:

शाल-श्रीफळ घरात तीन आहेत. ती कपाटात वर ठेवलीत.

माजी_हवालदार_क्लार्क:

ताई, रामराम. मी पलटणीत क्लार्क होतो, असल्या नोंदी लिहिण्यातच नोकरी गेली. तुम्ही आलेल्या उत्तराकडं नीट बघा. कागद नष्ट झाले म्हणतात, आणि त्याच पत्रात जखम शस्त्रसंधीनंतरची म्हणतात. मग तारीख कुठल्या कागदावर बघितली? म्हणजे काहीतरी शिल्लक आहे. पेन्शनरचा शीट रोल, म्हणजे सेवेचा नोंदपट, असा टाकून देत नाहीत.

माझ्या मते तुम्ही तीन गोष्टींची भेळ केली आहे. बॅटल कॅज्युअल्टी ठरणं ही पलटणीची आणि रेकॉर्ड ऑफिसची नोंद असते, ती त्या वेळी पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानांच्या नोंदींच्या आदेशात, छापली जायची. युद्धजखम पेन्शन ही त्यानंतरची पायरी. आणि जखमींसाठीचं पदक, ज्याला आता पराक्रम पदक म्हणतात, त्याला जखम थेट शत्रूच्या कारवाईत झालेली लागते, तिथं तुमचा मुद्दा थोडा अवघड पडेल. आधी पहिली लावा, बाकीच्यांच्या मागं आत्ता लागू नका.

माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा, मामांच्या स्वतःच्या नावानं आणि सहीनं. तुमच्या नावानं केला तर 'दुसऱ्याची वैयक्तिक माहिती' म्हणून परत येईल. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागायचं काय, तर शीट रोलची प्रत, फेब्रुवारी-मार्च ७२ च्या पार्ट टू ऑर्डर, १९८३ आणि १९८८ या दोन्ही बोर्डांची कार्यवाही. आणि कागद खरंच जाळले असतील तर कुठल्या तारखेला, कुठल्या आदेशानं, त्याची नोंद. शेवटचं जरूर मागा, त्यानं लोक जागे होतात.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. त्या काळी अपंगत्वाचा दावा मंजूर-नामंजूर अलाहाबादचं पेन्शन लेखा कार्यालय करायचं. बोर्डाचे कागद तिकडं जायचे. एक अर्ज प्रयागराजलाही टाका, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर लिहून.

आणि तो माणदेशी जोडीदार? त्याचं काय झालं? त्याचा पाय गेला म्हणजे तो घरी गेला असणार. त्याच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा. एकच स्फोट, एकच दिवस. त्याला बॅटल कॅज्युअल्टी धरलं असेल तर तुमच्या मामांना कसं नाही म्हणतील?

बार्शीलाईट:

हवालदारसाहेबांचा शेवटचा मुद्दा लाखमोलाचा. मी वकील आहे, फौजी पेन्शनची दोन-चार प्रकरणं केलीत, तेवढ्यावर बोलतो.

'शस्त्रसंधीनंतर म्हणून नाही' हे कारण टिकायला अवघड आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात युद्धजखमेच्या ई गटात सुरुंगांचं वेगळं कलम आहे: सीमेजवळच्या कारवाईच्या भागात शत्रूनं किंवा आपल्या फौजेनं पेरलेलं सुरुंगक्षेत्र काढताना वा ओलांडताना झालेला स्फोट. तिथं लढाई चालू असण्याची अट नाही. ते पत्र १ जानेवारी १९९६ नंतर सेवेतून आलेल्यांसाठी आहे आणि मामा त्याआधीचे, म्हणून थेट त्याच पत्रावर हक्क सांगू नका, समोरचा तेवढ्यावरच अर्ज फेटाळेल. पण सरकार स्वतः सुरुंग काढणं युद्धजखमेत धरतं, एवढा युक्तिवाद जोरात मांडता येतो.

रकमेचं सांगतो. त्या पत्राप्रमाणं, जखमेनंतर सेवेत ठेवून मग निवृत्त झालेल्याला १०० टक्के अपंगत्वावर साधा अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, युद्धजखमेचा ६० टक्के. म्हणजे दुप्पट. टक्केवारी कमी तशी रक्कम त्या प्रमाणात.

१९८८ चा शेरा वेगळा लढवावा लागेल. रेकॉर्ड ऑफिसमार्फत नव्यानं रिसर्व्हे बोर्ड, म्हणजे फेरतपासणीचं मेडिकल बोर्ड, मागा. छर्रे अजून पायात आहेत आणि कान गेलेला आहे, तर कान मोजला होता का हे आधी कार्यवाहीत बघा. मला वाटतं, मोजला नसेल. नव्या बोर्डात २० टक्के निघाले तरी ५० पेक्षा कमी असेल तर ते ५० धरायचे अशी पद्धत आहे, आणि सेवा पूर्ण करून आलेल्यांनाही तो लाभ द्यायचा हे सुप्रीम कोर्टानं १० डिसेंबर २०१४ ला रामअवतार प्रकरणात स्पष्ट केलंय.

नाहीच ऐकलं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत लावावा लागतो. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्यानं उभा राहतो असं मानतात, म्हणून पन्नास वर्षं उलटली एवढ्यावरून दार बंद होत नाही. फक्त मागची थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते. १९८८ पासूनचं सगळं आणून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजा आणि घालवा. टक्क्यावर काम घेणाऱ्याला तर चहाही नको.

कडकभाकरी:

माझं मघाचं मागं घेतो. ताई, लढा.

झेरॉक्सवाली:

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. दोन्ही अर्ज रजिस्टर पोस्टानं गेले. मामांनी सही स्वतः केली, हात थरथरतो म्हणून तीन कागद वाया गेले, अंगठा लावा म्हटलं तर रागावले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचून पीपीओचा एक आकडा चुकला होता तो दाखवला, नाहीतर महिना गेला असता.

आणि आम्ही रविवारी माण तालुक्यात जाऊन आलो. मामा, माझे मिस्टर आणि मी, पंढरपूरवरून. जोडीदार आठ वर्षांपूर्वीच गेले. मामांना हे माहीत नव्हतं. दारातच कळलं. त्यांच्या मंडळींनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, मग मामांकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही मागचे का?" नवऱ्यानं त्यांना एवढंच सांगितलं होतं, मागच्यानं ओढून काढलं म्हणून. हे आम्हाला घरी कधीच कळलं नव्हतं. मामा नुसते "हो" म्हणाले.

खुंटीला अजून लाकडी पाय टांगलेला आहे, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून मिळालेला पहिला. नंतर हलके मिळाले, पण हा त्यांनी टाकू दिला नाही. चामडी पट्ट्याला भोकं वाढवत नेलेली दिसतात.

कागद डब्यात होते, ज्वारीच्या कणगीमागं, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यात एका पिवळ्या कागदावर टाईप केलंय 'बॅटल कॅज्युअल्टी', तारीख फेब्रुवारी १९७२, आणि त्याखाली हातानं लिहिलेली एक ओळ, 'याच घटनेत आणखी एक जखमी', पुढं नंबर. आम्ही तिथंच डिस्चार्ज बुकशी नंबर ताडून बघितला. मामांचा आहे. बाईंनी मूळ कागद दिला नाही, आणि बरोबर केलं. त्यांच्या नातवाबरोबर गावातल्या दुकानात गेलो आणि माझ्यासारख्या झेरॉक्सवालीनं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या मशीनवर पैसे देऊन दहा प्रती काढल्या.

येताना गाडीत मामा बोलले नाहीत. पंढरपूरला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, त्याची उंची माझ्यापेक्षा जास्त होती.

माजी_हवालदार_क्लार्क:

ताई, तो नंबर म्हणजे तुमचं अर्धं काम झालं. ती प्रत पोस्टानं पाठवू नका. आधी त्या बाईंकडून प्रतिज्ञापत्र घ्या, की मूळ कागद त्यांच्या ताब्यात आहे, मागितला तर दाखवतील. मग सगळं एकत्र जोडून नवा अर्ज, वरच्या बाजूला आधीच्या पत्राचा क्रमांक.

झेरॉक्सवाली:

घेते, पुढच्या रविवारी परत जाणारच आहोत, मामांनीच ठरवलंय. एकच अडलंय. त्या हातानं लिहिलेल्या ओळीत घटनेचं ठिकाण आहे, शाई पसरलीय, शेवटची दोन अक्षरं लागत नाहीत. मामांना गावाचं नाव आठवत नाही, ते म्हणतात तिथं गाव नव्हतंच, एक विहीर आणि मोडकी भिंत होती. उद्या दुकानात मोठा स्कॅन करून इथं टाकते, नाव-नंबर झाकून. त्या भागात नोकरी केलेलं कुणी असेल तर वाचून बघा.