कृत्रिम म्हणजे हलकंच, असं नाही

'कृत्रिम पर्याय म्हणजे मूळ वस्तूची हलकी नक्कल' हा या चर्चेत आलेला मुद्दा गोडी आणणाऱ्या गोळ्या किंवा बनावट सुगंधांपुरता मला पटतो. पण शरीरात बसवल्या जाणाऱ्या पर्यायांचा विषय इथे अजून निघालेलाच नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतलं भिंग घ्या. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या ॲक्रिलिक छताचे तुकडे घुसायचे. डोळा ते निमूट सहन करतो, हे हॅरल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं आणि १९४९ मध्ये लंडनला त्यांनी तशाच प्लास्टिकचं भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. समव्यावसायिकांनी त्यांना पुढे कितीतरी वर्षं कडाडून विरोध केला!

त्याआधी मोतीबिंदू काढला की जाडजूड चष्मा जन्माचा सोबती. त्यातून वस्तू मोठ्या आणि जवळ दिसत, कडेचं धड दिसत नसे. माझी आजी तो चष्मा लावून पायऱ्या चाचपडत उतरायची. आईच्या डोळ्यात भिंग बसवलं, ती आज बिनधास्त उतरते. उणीव आहेच: नैसर्गिक भिंग जवळचं-लांबचं पाहताना आकार बदलतं, साधं कृत्रिम भिंग तसं करू शकत नाही. त्यामुळे लांबचं स्वच्छ दिसत असूनही वाचायला आईला चष्मा लागतो. घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर भिंग जवळच्यासाठी हवं की लांबच्यासाठी, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. दिवसभर शिवणकाम किंवा वाचन करणाऱ्याची गरज वेगळी असते.