मदत हवी आहे: आईने रजिस्ट्री जपून ठेवली, आता जागा आठवत नाही (नागपूर)

मानेवाडा_रिंगरोड
तातडीचं आहे. घराची मूळ रजिस्ट्री आईने जपून ठेवली, कुठे ते आता तिला आठवत नाही. सोमवारी बँकेत द्यायची आहे. दिवाण, कपाटं, गव्हाची कोठी, देवघर, सगळं पालथं घातलं. विसरलेलं आठवून देणारा कोणी संमोहनवाला नागपुरात असेल तर सांगा. पैशाचं पाहून घेऊ.

तर्रीपोहे
कधी ठेवली? आईंचं वय? मधात घर बदललं का? काहीच सांगितलं नाही भाऊ तुम्ही.

शतावरी
ब्राह्मी सुरू करा, अनशापोटी. माझ्या भाच्याला दहावीत खूप फरक पडला.

तर्रीपोहे
ताई, सोमवारपर्यंत ब्राह्मी काय करणार?

मानेवाडा_रिंगरोड
वय ६९. मागच्या वर्षी ठेवली. आधी लोखंडी पेटीत होती, पेटीखाली वाळवी लागली म्हणून काढली. बाकी तिला सगळं आठवते, दूधवाल्याचा हिशोब तोंडपाठ आहे. डॉक्टरकडे न्या म्हणू नका. संमोहनवाला सांगा.

महाल_मास्तरीण
मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून कळकळीने सांगते, त्या वाटेला जाऊ नका. आठवण डोक्यात जशीच्या तशी पडून नसते. दर वेळी ती नव्याने जुळवली जाते आणि त्यात दुसऱ्याने सुचवलेलंही मिसळतं. १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. गाड्यांचा वेग विचारताना ज्यांना जोरदार शब्द वापरला, त्या ५० पैकी १६ जणांना आठवड्याने फुटलेली काच ‘आठवली’. साध्या शब्दात विचारलेल्या ५० पैकी ७ जणांना. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. संमोहनात माणूस जास्त बोलतो, खात्रीने बोलतो, पण त्याने ते खरं ठरत नाही. आई ‘माळ्यावर’ म्हणतील आणि तुमचा शनिवार-रविवार माळ्यावर जाईल.

नंदनवन_७
साफ चूक. माझ्या मामेभावाला संमोहनातच लॉकरची चावी आठवली. पुस्तकवाल्यांना अनुभव पटत नाही.

महाल_मास्तरीण
अर्धा तास डोळे मिटून शांत बसल्यानेही आठवली असेल. तो वाद राहू द्या.
‘कोणाला सापडू नये’ म्हणून वेगळ्याच जागी ठेवलेली वस्तू आपल्यालाही सापडत नाही, हे विनोग्राड आणि सोलोवे यांनी १९८६ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. त्या जागेचा वस्तूशी काही संबंधच नसतो. रजिस्ट्री म्हटलं की पेटीच आठवणार. म्हणून ‘कुठे ठेवली’ हा प्रश्न बंद करा. वाळवी दिसली तो दिवस विचारा: कूलर लागला होता का, घरात कोण होतं, त्या दिवशी आणखी काय काय आवरलं. मग तोच दिवस शेवटाकडून मागे सांगायला लावा. गायझलमन आणि फिशर यांनी १९८० च्या दशकात साक्षीदारांसाठी बसवलेली पद्धत आहे ही. आणि पेटी होती त्याच खोलीत बसवा. १९७५ च्या एका प्रयोगात पाणबुड्यांना पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले होते. तुम्ही मात्र एकही जागा सुचवायची नाही.

गोधनी_प्लॉट
रजिस्ट्री म्हणजे विक्रीपत्रच ना? की नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, प्लॉट नियमित केल्याचं पत्र? विक्रीपत्र असेल तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते. दस्त क्रमांक आणि वर्ष लागेल.

मानेवाडा_रिंगरोड
विक्रीपत्र. नक्कल नको, बँकेला मूळच पाहिजे.
पेटीच्या खोलीत बसवलं. म्हणते, कूलर नुकताच लावला होता, नवीन वाळ्याचा वास होता. चंद्रपूरची मावशी आली होती. पेटीतले शालू दोघींनी गच्चीवर उन्हात घातले. कागदाची पिवळी थैली मावशीच्या हातात होती. हे आजवर कधीच बोलली नव्हती. पुढचं आठवत नाही.

नंदनवन_७
मग मावशीला फोन लावा ना!

महाल_मास्तरीण
लावा, पण आईसमोर नको. एकीचं ऐकून दुसरीला तेच आठवायला लागतं. मावशींनाही थैलीचं आधी सांगू नका, नुसता तो दिवस विचारा.

शतावरी
वाळवीला कडुनिंबाचं तेल लावा.

मानेवाडा_रिंगरोड
मावशी लग्नाला सिरोंच्याला गेली, फोन लागत नाही. तोवर ते शालू कोणत्या बॅगेत गेले ते पाहतो. कपाटात नाहीत, आत्ता लक्षात आलं.

गोधनी_प्लॉट
पाहा. पण बँकेला आजच फोन करून मुदत मागा. जुनी झेरॉक्स असेल तर दस्त क्रमांक तिच्यावर मिळेल.