सेंद्रिय पडदा?

अनुवादिका: मुलांच्या मासिकासाठी ओएलईडीवर, म्हणजे 'ऑरगॅनिक' रेणू विजेने उजळवणाऱ्या टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांवर, लेख लिहितेय. 'सेंद्रिय रेणूंचा पडदा' असं आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "म्हणजे रसायनं न घालता केलेला?" घरात सेंद्रिय गूळ येतो, तिचं काय चुकलं? 'कार्बनी' लिहू का?

रसायनवाला: कार्बनीच लिहा. सेंद्रिय म्हणजे स-इंद्रिय, सजीवातून आलेलं. १८२८ मध्ये व्होलरने प्रयोगशाळेत युरिया बनवला तेव्हाच तो अर्थ डळमळला. १९८७ मध्ये कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी उजळवलेल्या ओएलईडीमध्ये प्रकाश देणारा थर होता ॲल्युमिनियमला बांधलेल्या कार्बनी रेणूंचा. सजीवाचा संबंध कुठे आला?

जुनी पाटी: पटत नाही. आम्ही अकरावीला 'सेंद्रिय रसायनशास्त्र'च शिकलो. गुळाच्या पाकिटावर आला म्हणून शब्द सोडून द्यायचा? वर्गमूळ काढताना कुणाला झाडाचं मूळ आठवत नाही.

बांधावरून: मला अशा लेखांतली 'स्फुरदीप्ती' अडते, म्हणजे फॉस्फोरेसन्स, घेतलेली ऊर्जा सावकाश प्रकाश होऊन बाहेर पडणं. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असतं, त्यातला मधला आकडा स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. पडद्यात स्फुरद असतं का?

रसायनवाला: त्या दीप्तीसाठी बहुधा इरिडियम हा जड धातू असतो. साध्या रेणूंत विजेने जागे झालेले चारांतले तीन प्रकाश न देताच थंडावतात. असा जड धातू जोडला की तेही उजळतात. खुद्द पांढरं स्फुरद चमकतं ते हवेशी होणाऱ्या अभिक्रियेमुळे, म्हणजे ती स्फुरदीप्ती नव्हेच!

जुनी पाटी: शब्द 'स्फुर्' धातूचा आहे. बाहू स्फुरतात, कविता स्फुरते. खताचा त्यावर हक्क नाही.

अनुवादिका: शेवटचा परिच्छेदही अडलाय. १९९८ मध्ये एमआयटीत स्वॅगर यांच्या गटाने चमकणाऱ्या बहुवारिकाचा (पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा) पातळ थर केला. टीएनटी या स्फोटकाची वाफ साखळीत एका जागी लागली तरी बऱ्याच लांबीची चमक उतरते, म्हणून वाफेचा मागमूसही कळतो. या चमक उतरण्याला (इंग्रजीत 'क्वेंचिंग') मी 'शमन' लिहिलं, संपादकांना 'विझणे' हवंय.

बांधावरून: विझणे नको. वाफ गेली की चमक परत येते ना? आमची आजी देवापुढचा दिवा 'विझला' म्हणू द्यायची नाही. 'शांत झाला' म्हणायचं. वाऱ्याने गेला तरी शांतच.

जुनी पाटी: शांत आणि शमन, दोन्ही 'शम्' धातूचे! आजींचा शब्द घ्या.

रसायनवाला: पण चमक पूर्ण जातेच असं नाही. 'मंदावते' जास्त खरं.

बांधावरून: मग वात खाली केल्यावर कंदील जसा होतो तसं. त्याला आजी काय म्हणायची, ते आठवत नाहीये. बांगडी फुटली तर मात्र 'वाढवली' म्हणायची.

अनुवादिका: आमच्याकडेही बांगडी वाढवतात! नारळही वाढवतात. पण दिवा?