तांब्याची विषारीता: डाफ्निया (पाण्यातला अगदी बारीक कवचधारी प्राणी), मासे आणि शेवाळ

प्रश्न: तिघांनाही एकाच पाण्यात ४८ तास ठेवून तुलना केली तर चालेल का?

उत्तर १: नाही. डाफ्नियासाठी ४८ तास, शेवाळासाठी ७२, माशांसाठी ९६ अशी प्रमाणित मुदत आहे. डाफ्नियाची पिल्लं २४ तासांच्या आतलीच घ्या, दर मात्रेला २०, पाच-पाच चार भांड्यांत. मधे खायला घालू नका, अन्नकणांना तांबं चिकटतं आणि मात्रा घसरते. भांडं हलकेच हलवल्यावर १५ सेकंदांत जे पोहत नाही ते निश्चल धरायचं. तांबं न घातलेल्या भांड्यांत १०%पेक्षा जास्त निश्चल झाले तर चाचणी बाद.

उत्तर २: खरी गफलत पाण्यात होते. शेवाळ वाढवायच्या द्रावणातलं ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) तांबं बांधून ठेवतं, मग शेवाळ उगाच काटक वाटतं. माशांच्या कल्ल्यांत तांबं सोडियम आत येऊ देत नाही; कठीण पाण्यातलं कॅल्शियम त्याला तिथे चिकटू देत नाही, म्हणून मासे तगतात. कठीणता, पीएच आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय आकडे शेजारी मांडूच नका.

प्रश्नकर्ता: गोगलगायी घेऊ का?

उत्तर १: जरूर, त्याही तांब्याला नाजूक. पायरेथ्रॉइड कीटकनाशकांना मात्र फारशी दाद देत नाहीत. डाफ्निया त्यात लगेच आडवा होतो.