गंजिफा वाचवली कोणी, राजवाड्याने की चिताऱ्यांनी?

चिंचोका: सावंतवाडीच्या सत्त्वशीलादेवींवरची ती पोस्ट चार ग्रुपवर आली, 'राजमातांनी एकहाती गंजिफा जिवंत केली', म्हणजे ते हाताने रंगवलेले जुने गोल पत्ते. एकहाती?? अहो, राजेसाहेब नि राणीसाहेब शिकले कोणाकडून, तर हे पत्ते रंगवणाऱ्या चितारी कारागिरांपैकी म्हाताऱ्या पुंडलिक चितारींकडून. त्यांचं पोस्टमध्ये नावसुद्धा नाही. दशावतारी संचाची १२० पानं, प्रत्येक पान गोल, हाताने रंगवायचं, वर लाखेचं काम, हे पिढ्यान्‌पिढ्या केलं चिताऱ्यांनी आणि आरती ओवाळायची राजवाड्याची.

मोतीतलाव: मग चितारींनी एकट्यानेच चालवायची होती की. गिऱ्हाईक कुठे होतं? लोक छापील पत्ते खेळत होते. राणीसाहेब स्वतः ब्रश घेऊन बसल्या, राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले, माल बाहेर पोचवला. तेव्हा बाकी कितीतरी राजघराण्यांनी वाड्यांची हॉटेलं केली.

खवचट_काका: १९७१ ला संस्थानिकांचे सरकारी तनखे बंद झाले आणि त्याच सुमाराला कलाप्रेम उफाळून आलं, योगायोग हो.

मोतीतलाव: पैसाच हवा होता तर गंजिफा कोण निवडेल काका? दुसरा धंदा नव्हता?

सासुरवाशीण: ते राहू द्या, सावंतवाडीच्याच चितार आळीतल्या रंगीत लाकडी फळांचं बोला आधी. मागच्या वेळी एका दुकानात सेट घेतला, घरी येऊन आंबा पाण्याने पुसला तर रंग हाताला! आणि भाव करायला गेले तर दुकानदार तोंड फिरवून बसला.

चिंचोका: लाकडी खेळणं पाण्याने पुसायचं कशाला? आणि भाव का करता? मॉलमध्ये करता?

सासुरवाशीण: मॉलमध्ये रंग जात नाही.

आळीतलो: ओ, वाडीत येवन बगा आधी. माझे वडील पांगाऱ्याच्या लाकडावर आयुष्यभर रंग देत बसले, दुकानदार देईल ते घेऊन यायचे, आणि तुम्ही त्यातूनही कमी करायला सांगता. आम्ही भावंडं त्या कामात नाही, का ते आता कळलं असेल.

खवचट_काका: म्हणजे राजवाडाही नाही, चितारीही नाही, कला मारली सासुरवाशीणबाईंनी 😀

सासुरवाशीण: काका, तुम्ही शेवटचं काय विकत घेतलंत ते सांगा आधी.

चिंचोका: विषय कुठे नेलात! बरं, त्यांनी गिऱ्हाईक आणलं, मान्य, करा कौतुक. पण पोस्टमध्ये पुंडलिक चितारींचं नाव टाका, एवढंच म्हणतोय मी पहिल्यापासून.

मोतीतलाव: मग 'एकहाती' एवढंच खोडायचं होतं, अख्ख्या राजवाड्यावर कशाला घसरलात?